जखम भरली, पण आजार गेला का?

प्रश्न असा आहे: वय 29, पुरुष. नऊ आठवड्यांपूर्वी ओळखीतल्या एका स्त्रीशी एकदाच, कंडोम न वापरता संबंध आला. दहाव्या दिवशी एचआयव्हीची तपासणी केली, ती निगेटिव्ह आली. तिसऱ्या आठवड्यात शिश्नाच्या टोकाजवळ एक जखम झाली, पण ती दुखत नव्हती. मित्राच्या सांगण्यावरून पाच दिवस गोळ्या घेतल्या, एक ट्यूब लावली, आणि काही दिवसांनी जखम भरून आली. आता काहीच त्रास नाही. चार महिन्यांनी लग्न आहे. मी बरा झालो का? होणाऱ्या बायकोला सांगावं लागेल का? आणि यापुढे काय काळजी घ्यायची?

तुम्ही बरे झालात असं मी म्हणणार नाही, आणि तपासणी होईपर्यंत तुम्हीही म्हणू नका. न दुखणारी एकच जखम, संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी आलेली. एवढं वर्णन ऐकलं की माझ्या मनात पहिलं नाव येतं ते सिफिलिसचं. जुनी माणसं त्याला गरमी म्हणायची, वैद्यकाच्या पुस्तकात उपदंश म्हणतात. जखम न बघता मी ठाम निदान करू शकत नाही. पण दुसरं काही निघेपर्यंत हाच आजार आहे असं धरून चालायला हवं.

सिफिलिसची जखम संसर्गानंतर 10 ते 90 दिवसांत कधीही येते, बहुधा 21 दिवसांच्या आसपास. हाताला ती कडक लागते, कडा नीट, तळ स्वच्छ, आणि दुखत नाही. कित्येकदा जांघेत अवधाण येतं, तेही दुखत नाही. आणि ही जखम उपचार करा अथवा न करा, तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरते. तुमच्या गोळ्यांना आणि ट्यूबला जे श्रेय मिळालं, ते बहुतेक त्यांचं नव्हतंच. जखम तिच्या वेळेला भरली. जंतू मात्र तोवर रक्तात पोचलेले असतात.

पुढची पायरी कशी दिसते, ते सांगतो. माझ्याकडे असे रुग्ण येतात ते 'ॲलर्जी झाली आहे' म्हणून. अंगावर फिकट तांबूस पुरळ, पण खाज नाही. अशा वेळी मी त्यांना दोन्ही तळहात वर करून दिव्याखाली धरायला सांगतो, मग मोजे काढून तळपाय बघतो. तळहाताच्या रेषांमध्ये तांब्याच्या रंगाचे, डाळीएवढे, किंचित खवलेदार चट्टे दिसले की मी औषधांची यादी विचारायचं थांबवतो आणि विचारतो, गेल्या काही महिन्यांत खाली कुठे जखम झाली होती का? थोडा वेळ गप्प राहून बहुतेक जण म्हणतात, "हो, पण ती तर बरी झाली." हे पुरळही आपोआप जातं. त्यानंतर काहीच दिसत नाही अशी वर्षं येतात, आणि त्या शांत काळात काही जणांमध्ये आजार मेंदू, डोळे, कान, हृदयाजवळची मोठी रक्तवाहिनी असा कुठेही मुरतो. डोळ्यांना आणि कानांना तर तो अगदी सुरुवातीच्या महिन्यांतही धक्का देऊ शकतो. म्हणून आज घरी गेल्यावर तळहात, तळपाय, तोंडाच्या आतली बाजू आणि गुदद्वाराजवळची त्वचा नीट बघा. नजर अचानक अंधूक झाली, कानात आवाज येऊ लागला, डोकं सतत दुखू लागलं, तर पुढच्या वेळेची वाट न पाहता लगेच डॉक्टरकडे जा.

आता सिफिलिसच्या रक्ततपासण्या. व्हीडीआरएल किंवा आरपीआर ही एक, आणि टीपीएचए ही दुसरी. दोन्ही एकत्र करा, कारण पहिली आजाराचं प्रमाण आकड्यात सांगते आणि दुसरी तो सिफिलिसच आहे याची खात्री देते. नऊ आठवडे झालेत, त्यामुळे आजार असेल तर एव्हाना या तपासण्यांत तो दिसायला हवा. दहाव्या दिवसाच्या एचआयव्ही तपासणीवर मात्र अजिबात विसंबू नका. त्या दिवशी ती पॉझिटिव्ह येण्याची शक्यताच फार कमी होती. प्रतिजन (विषाणूचा अंश) आणि प्रतिपिंड (त्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं) दोन्ही शोधणारी, चौथ्या पिढीची तपासणी प्रयोगशाळेत 45 दिवसांनंतर केली तर तिच्या निगेटिव्ह निकालावर भरवसा ठेवता येतो. फक्त प्रतिपिंड शोधणाऱ्या झटपट तपासणीसाठी 90 दिवस थांबावं लागतं. तुमचे 60 दिवस उलटून गेलेत, तेव्हा चौथ्या पिढीची तपासणी आत्ताच करून घ्या. यकृताला सूज आणणाऱ्या हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या तपासण्याही त्याच रक्तात होऊन जातील.

लघवीचीही एक तपासणी करा: गोनोरिया (परमा) आणि क्लॅमिडिया या संबंधातून होणाऱ्या आजारांसाठी, पीसीआरसारख्या पद्धतीने. त्याआधी किमान तासभर लघवी करू नका, आणि धारेच्या सुरुवातीचीच लघवी बाटलीत घ्या. नेहमीच्या लघवीच्या तपासणीत मधली धार घ्यायला सांगतात, त्यामुळे इथे हमखास चूक होते आणि नमुना वाया जातो. मुखमैथुन झाला असेल तर घशातला नमुनाही द्यावा लागेल. विचारल्याशिवाय हे कुणी सांगत नाही, पण घशातला गोनोरिया लघवीत सापडणार नाही.

सिफिलिस निघाला तर घाबरू नका, हे मी अगदी मनापासून सांगतो. उपचार पेनिसिलिन. 1943 साली ते या आजारावर पहिल्यांदा वापरलं गेलं आणि आजही त्यापुढे हा जंतू टिकत नाही. लागण होऊन एक वर्ष झालं नसेल तर 24 लाख युनिट बेन्झाथिन पेनिसिलिन स्नायूत एकदाच देतात, बहुधा दोन्ही कुल्ल्यांत अर्धं अर्धं. इंजेक्शन दुखतं, दोन दिवस बसायला त्रास होतो. त्या रात्री ताप येऊन अंग मोडून आलं तर औषध बाधलं असं समजू नका, जंतू एकदम मरू लागले की शरीर असं प्रत्युत्तर देतं आणि दिवसभरात उतरतं. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर तुमच्या बाबतीत डॉक्सिसायक्लिन हा पर्याय आहे, पण ते चौदा दिवस, एकही डोस न चुकवता घ्यावं लागतं. गरोदर स्त्रीला मात्र पेनिसिलिनच द्यावं लागतं. तिला ॲलर्जी असली तर आधी रुग्णालयात तिच्या शरीराला त्या औषधाची सवय करून देतात आणि मग तेच देतात. कारण न उपचारलेल्या सिफिलिसने पोटातलं मूल दगावू शकतं किंवा आजार घेऊन जन्मू शकतं.

उपचारानंतर आकडा बघायचा. समजा आज व्हीडीआरएल 1:32 आलं, तर येत्या महिन्यांत ते 1:8 किंवा त्याहून खाली उतरलं पाहिजे (दुसरा आकडा जितका लहान, तितका आजार कमी). तीन, सहा आणि बारा महिन्यांनी एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीने तपासा. टीपीएचए मात्र बहुतेकांचं आयुष्यभर पॉझिटिव्ह राहतं, तेव्हा पुढे कधी तो अहवाल बघून पुन्हा इंजेक्शनं टोचून घेऊ नका. आणि एकदा बरं झालं म्हणजे शरीरात कवच तयार झालं असंही नाही. पुन्हा संपर्क आला की पुन्हा होतो.

तपासणी पॉझिटिव्ह आली तर ज्या स्त्रीशी संबंध आला तिला कळवा. याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण माझ्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचं तेच आहे. जखम तुमच्या अंगाबाहेर होती म्हणून तुम्हाला दिसली. स्त्रीला ती योनीच्या आत, गर्भाशयाच्या तोंडावर होऊ शकते आणि दुखत नसल्यामुळे तिला कधी कळतच नाही. तिने तुम्हाला 'दिलं' असा जाब विचारायला फोन करू नका. एवढंच म्हणा: "माझी तपासणी पॉझिटिव्ह आली आहे, तूही करून घे, उपचार सोपा आहे." अनेकांना हे वाक्य बोलताच येत नाही, म्हणून ते मी कागदावर लिहून देतो. बोलणं अगदीच जमत नसेल तर तुमचं नाव न घेता तिला कळवण्याची सोय काही दवाखाने करतात, तसं विचारून पाहा.

या सगळ्या आजारांचं मूळ दुखणं हेच आहे की ते गप्प राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 मध्ये 15 ते 49 वयोगटात क्लॅमिडिया, गोनोरिया, सिफिलिस आणि ट्रायकोमोनास या चार आजारांच्या मिळून सुमारे 37 कोटी 40 लाख नव्या लागणी झाल्या. म्हणजे रोज दहा लाखांहून जास्त, आणि हे चारही बरे होणारे आजार आहेत. तरी ते पसरतात, कारण लागण झालेल्या बहुतेकांना काहीच लक्षणं दिसत नाहीत. क्लॅमिडिया झालेल्या बऱ्याच स्त्रियांना ना वेदना, ना स्राव. वर्षा-दोन वर्षांनी मूल राहत नाही म्हणून तपासण्या सुरू होतात आणि गर्भनलिका बंद झालेल्या सापडतात. 'गुप्तरोग' हा शब्द मला म्हणूनच नेहमी खटकत आला आहे. आजार आधीच लपून असतो, त्यात आपण तो सांगायचाही नाही असं त्याच्या नावातच लिहून ठेवलं.

मित्राने सुचवलेल्या गोळ्यांबद्दल राग धरत नाही, पण परिणाम सांगतो. अर्धवट प्रतिजैविकाने लक्षणं दबतात आणि निदान लांबतं. परम्याच्या, म्हणजे गोनोरियाच्या बाबतीत तर याहून वाईट झालं आहे. सल्फा, पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, एकेक औषध त्या जंतूने पचवलं, आणि आता मुख्य भिस्त सेफ्ट्रिॲक्सोनच्या इंजेक्शनवर उरली आहे. ट्यूबचंही तसंच. स्टिरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली मलमं जननेंद्रियावर लावली की लाली लगेच उतरते, माणूस खूश होतो, आणि आत बुरशी किंवा विषाणू पसरत राहतो.

आता पुढची काळजी. कंडोम हवाच, आणि तो नीट वापरायला हवा. मी टेबलाच्या खणात लाकडाचं एक प्रतिरूप ठेवतो आणि समोरच्याला स्वतःच्या हाताने लावून दाखवायला सांगतो. लग्नाला दहा वर्षं झालेले पुरुषही तिथे चुकतात. पाकीट दातांनी फाडतात. टोक चिमटीत न धरता लावतात, मग आत हवा राहते आणि फाटतो. उलटा टेकवला तर तोच सुलटा करून चढवतात, पण त्याच्या बाहेरच्या बाजूला स्राव लागलेला असतो, म्हणून तो टाकून नवीनच घ्यायला हवा. काम झाल्यावर शिश्न ताठ असतानाच, कडेला बोटांनी धरून बाहेर काढायचं, नाहीतर कंडोम आतच राहतो. एकावर एक दोन चढवले तर घासून लवकर फाटतात. कुठलंही तेल, पेट्रोलियम जेली किंवा अंगाला लावायचं लोशन रबराला कमकुवत करतं. वंगण हवं तर पाण्यावर किंवा सिलिकोनवर आधारित घ्या. खिशातल्या पाकिटात महिनोन् महिने ठेवलेला, कडा झिजलेला कंडोम वापरू नका, त्यावरची तारीखही बघा.

संबंध सुरू झाल्यावर मध्येच कंडोम चढवणं, हेही मी फार ऐकतो. त्वचेचा त्वचेशी संपर्क तोवर झालेला असतो. आणि नीट वापरला तरी कंडोम जेवढी जागा झाकतो तेवढंच रक्षण करतो. एचआयव्ही, गोनोरिया, क्लॅमिडिया यांच्यावर तो फार चांगला उपाय आहे. सिफिलिस, हर्पीस आणि चामखिळीचा एचपीव्ही विषाणू मात्र वृषणावर, जांघेत, कंडोमच्या बाहेरच्या त्वचेवरही असू शकतात. हर्पीसचा विषाणू तर फोड नसतानाही अधूनमधून त्वचेवर येतो. (हर्पीस म्हटलं की लोकांना नागीण आठवते. नागीण हा त्याच कुळातल्या दुसऱ्या विषाणूचा आजार, तो संबंधातून होत नाही.) त्यामुळे समोरच्याच्या अंगावर फोड, जखम, चट्टा दिसला तर त्या दिवशी थांबणंच बरं, कंडोम असला तरी.

कंडोम जिथे कमी पडतो तिथे लस उपयोगी पडते. हिपॅटायटिस बीची लस लहानपणी घेतली नसेल तर रक्ततपासणी करून तीन डोस घ्या: आज, एक महिन्याने, सहाव्या महिन्यात. होणाऱ्या पत्नीनेही. एचपीव्हीची लस 9 ते 14 या वयात, कुठलाही लैंगिक संपर्क येण्याआधी दिली तर सर्वात जास्त गुण देते. त्या विषाणूच्या 16 आणि 18 या दोन प्रकारांमुळे गर्भाशयमुखाचे सुमारे 70 टक्के कर्करोग होतात. 'मुलीला आत्तापासून कशाला' असं आईवडील विचारतात. लस आधी द्यायची असते, म्हणूनच आत्ता. तुमच्या वयातही घेता येते, उपयोग कमी होतो, पण शून्य होत नाही.

एक गोष्ट तुम्हाला नऊ आठवड्यांपूर्वी माहीत असती तर बरं झालं असतं. धोक्याचा संबंध आला, कंडोम फाटला, किंवा कुणावर जबरदस्ती झाली, तर 72 तासांच्या आत एचआयव्ही रोखणारी औषधं सुरू करता येतात. ती 28 दिवस घ्यायची असतात. जितकी लवकर तितकी चांगली, पहिल्या काही तासांत सर्वात उत्तम. सकाळी बघू म्हणून थांबू नये. ज्यांना असा धोका वारंवार असतो त्यांच्यासाठी आधीपासून घ्यायच्या गोळ्याही आहेत. आणि ज्या एचआयव्हीबाधित व्यक्तीच्या रक्तात नियमित औषधांमुळे विषाणू सापडेनासा झाला आहे आणि तसाच राहतो आहे, तिच्याकडून संबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. हे मोठ्या अभ्यासांतून पक्कं झालं आहे, आणि तरीही मला ते समोर बसलेल्या जोडप्यांना दोन-तीनदा सांगावं लागतं, इतकी भीती मनात बसलेली असते.

संबंधानंतर साबणाने, जंतुनाशकाने धुणं किंवा लगेच लघवी करणं याने हे आजार टळत नाहीत. स्त्रियांनी योनीच्या आतून धुणं तर अपायाचंच, तिथले उपयोगी जंतू त्यात मरतात. संडासाची सीट, ताटवाटी, डास, हातात हात घेणं, यातून एचआयव्ही किंवा सिफिलिस होत नाही.

उलट बाजूही सांगून ठेवतो, कारण एकदा धास्ती बसली की माणूस रोज आरशासमोर उभा राहतो. शिश्नमण्याच्या कडेने ओळीत आलेले बारीक, मोत्यासारखे दाणे हा आजार नाही, ती अनेकांच्या शरीराची नैसर्गिक ठेवण असते. कातडीवरचे पिवळसर ठिपके म्हणजे तेलग्रंथी. बायकांना अंगावरून पांढरं जाणं, खाज येणं, हे पुष्कळदा बुरशीमुळे किंवा योनीतल्या जंतूंचा तोल बिघडल्यामुळे होतं, आणि तेवढ्यावरून नवऱ्यावर किंवा बायकोवर संशय घेणं अन्यायाचं आहे. पुरुषाच्या पुढच्या कातडीला पुन्हा पुन्हा चिरा पडत असतील तर मी आधी रक्तातली साखर तपासतो.

आता लग्नाचं. सांगावं का, याचं माझं उत्तर हो असं आहे, आणि ते केवळ नीतीचं म्हणून देत नाही. पुढे गरोदरपणात तिची व्हीडीआरएल होणार. तेव्हा काही निघालं तर तिला ते डॉक्टरच्या तोंडून, सातव्या-आठव्या आठवड्यात कळेल, त्यापेक्षा आज तुमच्याकडून कळलेलं बरं. आजवर तुमच्यात कुठलाही शारीरिक संबंध आला असेल, अगदी मुखाद्वारेही, तर तिची तपासणी आत्ताच व्हायला हवी. आला नसेल तर आधी तुमचे अहवाल येऊ द्या, मग दोघं मिळून डॉक्टरांसमोर बसा. सांगण्याचं ओझं त्यामुळे निम्मं होतं आणि तिलाही तिचे प्रश्न थेट विचारता येतात.

या आठवड्यात त्वचा व गुप्तरोग तज्ज्ञाकडे जा. घेतलेल्या गोळ्यांची पट्टी आणि ट्यूबचं खोकं सोबत न्या, जखमेचा फोटो काढला असेल तर तोही. जे सांगायचं ते खुर्चीत बसल्याबरोबर सांगा. बरेच जण खाजेबद्दल बोलून उठतात आणि दाराच्या कडीवर हात ठेवून खरी गोष्ट काढतात, तोवर तपासणीचा कागद लिहून झालेला असतो. इंजेक्शन या आठवड्यात झालं तर तीन महिन्यांनंतरचा पहिला आकडा लग्नाच्या काही आठवडे आधी हातात येईल. तोपर्यंत संबंध टाळा. आणि तो आकडा पुरेसा उतरलेला नसेल तर घाबरून तारीख मोडायची गरज नाही. कंडोम वापरत राहायचा, सहाव्या महिन्यात पुन्हा बघायचं.